सड्यावरच्या रेघा

मालवण तालुक्यातल्या कुडोपी गावच्या माथ्यावर एक उंचवटा आहे. गावात त्याला ‘बावल्यांचे टेंब’ म्हणतात. टेंब म्हणजे टेकाड, बावल्या म्हणजे बाहुल्या. तिथल्या कातळात माणसांच्या, पशुपक्ष्यांच्या आणि काही केल्या उलगडत नाहीत अशा आकृत्या खोदलेल्या आहेत. त्या पाहून गावातल्या कुठल्या तरी जुन्या पिढीने जागेला हे लाडाचं नाव देऊन टाकलं. पुरातत्त्वाच्या नकाशावर कुडोपी आलं ते एकविसाव्या शतकात. गावाच्या बोलण्यात ते त्याआधीच येऊन बसलं होतं.

कोकणातल्या कातळशिल्पांची गोष्ट सांगायची तर ती इथून, या नावापासून सुरू करावी लागते. कारण ही शिल्पं उत्खननात सापडलेली नाहीत. ती सापडली माणसांना विचारून: गुराख्यांना, गवत कापणाऱ्या बायकांना, देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना.

घाटावरच्या वाचकाला सडा म्हटलं की अंगणातला शेणसडा आठवेल. रत्नागिरी-राजापूरकडे सडा म्हणजे डोंगरावरचं उघडं, सपाट, लांबच लांब पसरलेलं कातळी पठार. खाली खाडी, उतारावर वाडी, भोवती नारळी-पोफळी आणि भाताची खाचरं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर सडा. चैत्र-वैशाखात तो तव्यासारखा तापतो, अनवाणी पाऊल टेकवत नाही. मिरगाचा पाऊस पडला की पंधरा-वीस दिवसांत त्याचं रूप पालटतं. खळग्यांत पाणी साचतं, खाचांतल्या मूठभर मातीत गवत उगवतं आणि श्रावण-भाद्रपदात निळीजांभळी सीतेची आसवं आणि पांढरे गेंद यांनी कातळ झाकून जातो. गुरं चारायची ती इथे, गवत कापायचं ते इथलं, पलीकडच्या गावी पायी जायचं तर वाटही याच्यावरूनच.

या पठाराचा दगड जांभा. उष्ण हवा आणि धोधो पाऊस यांच्या लाखो वर्षांच्या माऱ्यात मूळ खडकातली सिलिका धुऊन गेली, लोह आणि अॅल्युमिनियम यांची संयुगं मागे राहिली आणि हा सच्छिद्र तांबडा दगड तयार झाला. फ्रान्सिस बुकानन या प्रवासी अभ्यासकाने मलबारात हा दगड पाहिला. तिथली माणसं त्याच्या विटा कापून घरं बांधत होती, म्हणून १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याने लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ म्हटलं. कोकणातलं घरही याच दगडाच्या चिऱ्यांचं. जमिनीखालचा जांभा मऊ असतो, कापता येतो आणि हवा लागली की टणक होतो. माथ्यावर उघडा पडलेला थर तर किती काळ ऊन-वारा-पाऊस खात आलेला! त्यावर पहार मारली तर ठिणगी उडावी इतका तो कठीण होऊन बसला आहे.

अशा दगडात कुणी तरी हत्ती कोरले.

राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे. एसटीची अख्खी बस त्याच्या पोटात उभी करता येईल. नवखा माणूस त्या सड्यावर गेला तर त्याला हत्ती दिसत नाही. आधी पायाखाली एक खाच दिसते, दोन-तीन बोटं खोल, ओंजळभर माती आणि वाळलेलं गवत अडकलेली. तिच्या कडेकडेने चालत राहिलं की ती वळते, उतरते, पुन्हा चढते. बरीच पावलं चालल्यावर मग उमगतं की आपण एका पायावरून पाठीकडे आणि पाठीवरून सोंडेकडे आलो. आणि हत्तीची बाह्यरेषा ही नुसती कुंपणासारखी आहे. तिच्या आत सत्तरच्या आसपास लहान-मोठे जीव कोरलेले आहेत. वाघ आहे, पक्षी आहेत, आणि समुद्राकाठच्या माणसाला लगेच ओळखू येतील असे मुशी आणि पाकट आहेत. जमिनीवरच्या सगळ्यांत मोठ्या जनावराच्या पोटात समुद्रातले मासे घालणाऱ्या त्या कारागिराच्या मनात काय असेल, याचं उत्तर आज कुणी छातीठोकपणे देऊ शकत नाही. पण त्याने सडा आणि समुद्र दोन्ही रोज पाहिलेले होते, एवढं त्या रेघांवरून कळतं.

ही शिल्पं पाहायची वेळ सकाळची किंवा उतरत्या उन्हाची. तिरप्या उजेडात खाचेची एक कड उजळते, दुसरी सावलीत जाते आणि आकृती जणू जमिनीतून वर येते. भर दुपारी तीच जागा कोरी वाटते. काही ठिकाणी नुसती रेघ खोदून आकार काढलेला आहे, तर काही ठिकाणी आकृतीभोवतीचा दगड काढून तिला उठाव दिला आहे. म्हणून यांना काय म्हणावं यावरही अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी खोदचित्र म्हणतं, कुणी कातळशिल्प. लोकांच्या तोंडी मात्र कातळशिल्प हाच शब्द रुळला आहे आणि तो टिकेल असं दिसतं.

मध्य प्रदेशातल्या भीमबेटक्याची गोष्ट पुष्कळ मराठी वाचकांना ठाऊक आहे. १९५७ साली रेल्वेने जाताना विष्णू श्रीधर वाकणकरांना खिडकीतून चमत्कारिक आकाराचे खडक दिसले, त्यांचा माग काढत ते जंगलात शिरले आणि चित्रांनी भरलेल्या गुहा जगापुढे आल्या. कोकणात असा योग येणं शक्यच नव्हतं. भीमबेटक्याचे खडक आकाशाकडे उभे आहेत, ते लांबून खुणावतात. कोकणातली शिल्पं जमिनीवर पालथी पसरलेली आहेत. ती रेल्वेतून दिसत नाहीत, रस्त्यावरून दिसत नाहीत, दहा पावलांवरूनही दिसत नाहीत. ज्याचा पाय त्यांच्यावर पडला त्यालाच ती ठाऊक. आणि सड्यावर रोज पाय कुणाचा पडणार? गुरांमागे जाणाऱ्या पोराचा, डोक्यावर गवताचा भारा घेऊन येणाऱ्या बाईचा.

गोव्यात हेच घडलं. सांगे तालुक्यात रिवणजवळ उसगाळीमळ इथे कुशावती नदीच्या काठी जांभ्याच्या पसरट कातळावर शंभराहून अधिक आकृत्या आहेत: बैल, हरणं, मोर, माणसं आणि एक मोठं वर्तुळाकार चक्रव्यूहासारखं शिल्प. नदीला पूर आला की गाळ येऊन कातळ झाकायचा. १९९३ च्या मे महिन्यात स्थानिकांनी पुरातत्त्व खात्याच्या माणसांना ही जागा सांगितली आणि गाळाखालून एक एक आकृती वर आली. ‘शोध लागला’ असं आपण लिहितो तेव्हा त्या वाक्यात सांगणाऱ्याचं नाव बहुधा नसतं. ते राहून जातं याचं वाईट वाटलं पाहिजे.

रत्नागिरी जिल्ह्यात निवळीसारख्या एखाद-दुसऱ्या ठिकाणची माहिती आधीपासून अभ्यासकांना होती. पण हे प्रकरण किती मोठं आहे याची कल्पना यायला सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्या चालण्याची वाट पाहावी लागली. रिसबूड अभियंते, ठाकूरदेसाई भूगोलाचे प्राध्यापक. पुरातत्त्व हा यांपैकी कुणाचा पोटापाण्याचा धंदा नव्हता. ‘निसर्गयात्री’ या संस्थेच्या वतीने त्यांनी सुट्टीच्या दिवशी सडे तुडवायला सुरुवात केली. हजारो किलोमीटरची ती पायपीट. पण नुसतं चालून पठारं संपेनात, तेव्हा त्यांनी विचारायला सुरुवात केली. लोक मोबाइलवर फोटो काढून पाठवू लागले. शाळांना हाताशी धरलं गेलं. आजी-आजोबांना, वाडीतल्या जाणत्यांना जाऊन विचारा, सड्यावर कुठे काही कोरलेलं पाहिलंय का, असं मुलांना सांगण्यात आलं. इतिहासाचा याहून चांगला गृहपाठ मराठी शाळेत क्वचितच कुणी दिला असेल.

पण इथे एक गोष्ट जपून सांगायला हवी. गावाला सगळं माहीत होतं आणि शहाण्यांनाच ठाऊक नव्हतं, असं म्हणून मोकळं होणं बरोबर नाही. २०१८ पर्यंत ज्या ५२ गावांत या आकृत्या मिळाल्या होत्या, त्यांपैकी जेमतेम पाचेक गावांना त्यांची जाणीव होती. बहुतेक शिल्पं मातीच्या, गवताच्या थराखाली गेलेली होती. आठवण गावाची नसायची, एखाद्या माणसाची असायची. सत्तरी ओलांडलेला एखादा म्हातारा पोरपणी गुरं घेऊन त्या कातळावर बसलेला असायचा, आणि त्याने ते पाहिलेलं असायचं. त्या पोरपणालाही आता बरीच वर्षं झाली. कोकणात घरटी गुरं कमी झाली, पोरं मुंबईला गेली, सड्यावरच्या पायवाटा गवतात बुजल्या. म्हणजे शोध घेणारे पोहोचले ते अगदी शेवटच्या घटकेला. आणखी वीस-पंचवीस वर्षं उशीर झाला असता तर कातळ तिथेच राहिला असता, पण कुठे उकरायचं हे सांगणारं कुणी उरलं नसतं.

मग कामाला लागायचं. आधी खराट्याने गवत-काटक्या बाजूला करायच्या. खाचांत बसलेली माती लाकडी काडीने आणि कुंच्याने हळूहळू मोकळी करायची, लोखंड लावायचं नाही. बादलीभर पाणी ओतलं की ओल्या खाचा गडद दिसू लागतात आणि आकार स्पष्ट होतो. मग दोऱ्या ताणून चौकटी आखायच्या, मोजमापं घ्यायची, कागदावर उतरवायचं. अलीकडे ड्रोन आला आणि मोठं काम सोपं झालं. जी आकृती चालत चालत मनात जुळवावी लागे, ती वरून एका नजरेत दिसू लागली. ज्यांनी ती कोरली त्यांना मात्र हे सुख नव्हतं. १८ मीटरचा हत्ती त्यांनी जमिनीवर बसून, कुठूनही तो पूर्ण न पाहता, प्रमाणात काढला.

हे लोक कोण? आकृत्यांत हत्ती, वाघ, हरणं, मासे, कासवं आहेत. नांगर नाही, पीक नाही, शेतीचं एकही दृश्य नाही. राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे तेव्हाचे संचालक तेजस गर्गे यांनी यावरूनच ही शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणाऱ्यांची निर्मिती असावी असा तर्क मांडला आणि काळ इसवी सनापूर्वी १०,००० च्या आसपासचा सांगितला. हा अंदाज आहे. दगडात खोदलेल्या रेघेचं वय मोजण्याची सरळ रीत नाही. रंगवलेल्या चित्रात कोळसा किंवा वनस्पतीचा रंग असेल तर त्याची परीक्षा करता येते, इथे नुसती पोकळी आहे. त्यामुळे आजूबाजूच्या पुराव्याकडे वळावं लागतं. कणकवली तालुक्यात कोळोशीच्या गुहेत उत्खनन झालं आणि दगडी हत्यारं मिळाली, तेव्हा या किनारपट्टीवर अश्मयुगातली माणसं राहत होती याला आधार मिळाला.

आकृत्यांत गेंडा आणि पाणघोडाही असल्याचं अभ्यासक सांगतात. कोकणात गेंडा? ऐकणाऱ्याला नवल वाटतं. पण ह. धी. सांकळिया यांना गुजरातेत लांघणज इथल्या मध्याश्मयुगीन वस्तीत गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालं होतं. आज मुख्यतः आसामात उरलेलं हे जनावर एके काळी पश्चिम भारतात फिरत होतं. पाणघोड्याचे जीवाश्मही नर्मदा-गोदावरीच्या खोऱ्यांत मिळालेले आहेत. कोकणातल्या कोरणाऱ्याने ती जनावरं डोळ्यांनी पाहिली की ऐकलेल्या गोष्टीवरून काढली, हा प्रश्न उघडाच आहे.

बारसूच्या सड्यावरचं शिल्प आणखी वेगळं. मधोमध माणूस आणि दोन्ही बाजूंना त्याच्यावर झेप घेणारे दोन वाघ. मोहेंजोदडोच्या मुद्रेवर दोन वाघांना हातांनी थोपवणारा माणूस ज्यांनी पाठ्यपुस्तकात पाहिला आहे, त्यांना ते पाहून चमकायला होतं. संबंध आहे की नाही हे ठरायचं आहे. देवाचे गोठणे इथे एका मानवाकृतीजवळ होकायंत्र ठेवलं तर सुई भलतीकडे वळते. लोखंडाने भरलेल्या कातळातला चुंबकीय गुण असावा तो. पण नेमकी तीच जागा निवडून माणूस कोरला गेला, हे पाहणाऱ्याच्या मनातून लवकर जात नाही.

शिल्पांना देवत्वही मिळालेलं आहे. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाशेजारी नागमोडी रेघांनी भरलेलं चौकोनी शिल्प आहे आणि गावाच्या श्रद्धेत त्याला जागा आहे. कुठे या रेघा पांडवांनी वनवासात काढल्या असं सांगतात. पुरातत्त्वाचं शिक्षण घेतलेल्या माणसाने या कथा ऐकून मान हलवून पुढे जाऊ नये. पांडवांचं नाव लागलं म्हणून त्या कातळावर कुणी सुरुंग लावला नाही. खात्याची पाटी जे काम करते ते इतकी वर्षं या नावाने केलं.

सुरुंगाचा उल्लेख उगाच आलेला नाही. सातबाऱ्यावर सड्याची जमीन पोटखराबा म्हणून नोंदलेली असते, म्हणजे पीक न देणारी, कवडीमोल. सरकारी कागदांत पडीक. पडीक जमिनीचं काहीही करता येतं. कातळात सुरुंग लावून खड्डे घेतात, त्यांत बाहेरून आणलेली माती भरतात आणि हापूसची कलमं लावतात. रस्ता काढायचा तर तो सड्यावरून काढतात, कारण तिथे कुणाची शेती जात नाही. आणि सगळ्यांत मोठं संकट चिरेखाणीचं. पूर्वी चिरे हाताने काढत, खाण वर्षानुवर्षं एका कोपऱ्यात राही. कापायची यंत्रं आली आणि सडाच्या सडा एका मोसमात खाली जाऊ लागला. चिरे मिळतात खालच्या मऊ थरात. त्यासाठी वरचा कठीण कातळ आधी फोडून काढावा लागतो, आणि शिल्पं असतात ती नेमकी त्याच थरावर.

यात कुणा एकाला दोष देऊन चालत नाही. कोकणातला माणूस त्याच चिऱ्याच्या घरात राहतो, खाणीवर त्याची चूल पेटते, जमीन त्याच्या नावावर आहे. बहुतेक शिल्पं खाजगी जमिनीत आहेत आणि एकेका सातबाऱ्यावर भावकीतली अनेक नावं असतात, त्यांतली निम्मी मुंबईत. मालकाची संमती हाच संरक्षणाचा पहिला दगड, आणि ती घ्यायला दारोदार जावं लागतं. २०१८ साली बातम्या जगभर गेल्या, तेव्हा शोधून काढलेल्या शिल्पांपैकी ४०० शिल्पांच्या अभ्यासासाठी राज्य सरकारने २४ कोटी रुपयांची तरतूद केल्याचं जाहीर झालं. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत महाराष्ट्रातली कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरूण, उक्षी आणि कुडोपी ही आठ आणि गोव्यातलं एक अशी नऊ ठिकाणं घेतली गेली. पुढच्याच वर्षी, २०२३ च्या एप्रिलमध्ये, बारसूच्या सड्यावर प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं आणि गावकरी सड्यावर उतरले. त्या आंदोलनात शेती, बागा, मासेमारी यांच्या जोडीने कातळशिल्पांचंही नाव घेतलं गेलं. तात्पुरती यादी ही नामांकनाची पहिली पायरी असते, तिने कातळाला कायद्याचं कवच मिळत नाही, हे तेव्हा अनेकांच्या पहिल्यांदा ध्यानात आलं.

म्हणून उक्षीचं काम मोलाचं वाटतं. रत्नागिरी तालुक्यातल्या या गावात एक सुटा, देखणा हत्ती आहे. कशेळीच्या मानाने लहान, पण रेघ अशी सफाईदार की सोंडेपासून शेपटीपर्यंत नजर अडखळत नाही. जागेचं महत्त्व कळल्यावर गावाने पुढाकार घेतला. हत्तीभोवती जांभ्याच्या चिऱ्यांचा कठडा उभा राहिला आणि आकृती वरून पाहता यावी म्हणून उंचावर जागा केली गेली. बाहेरून आलेला माणूस आता त्या कठड्याशी उभा राहतो. गावातलं कुणी तरी सोबत असतं, ते हात लांब करून आधी पाय दाखवतं, मग पाठ, मग सोंड, आणि दोन-तीन क्षण गोंधळलेल्या पाहुण्याला मग अख्खा हत्ती दिसतो.